बैलहोंगलच्या उद्यानातील समाधी

प्रश्न: कर्नाटकातील बैलहोंगल गावात फिरताना एका लहानशा उद्यानात, इंग्रजांशी लढलेल्या राणी चन्नम्मांची समाधी अचानक दिसली. राणी कित्तूरच्या असताना त्यांची समाधी येथे कशी?

उत्तर: १८२४ च्या ऑक्टोबरमध्ये कित्तूरच्या लढाईत इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला, मात्र डिसेंबरात कित्तूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडल्यावर राणींना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले आणि तेथेच १८२९ मध्ये त्यांचे निधन झाले. बहुतेक लोक कित्तूरचा पडका वाडा पाहूनच परततात, हे मला खटकते.

दुसरे उत्तर: साहेब, सवड काढून खानापूर तालुक्यातील नंदगडलाही जावे. राणींचे निष्ठावंत सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांना १८३१ मध्ये तेथेच फाशी देण्यात आली. त्यांच्या समाधीजवळचा वडही आवर्जून पाहावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नंदगडला नक्की जाईन.