पुस्तकं जाळायला सरकारच लागतं का?

धागाकर्ती
आमच्या कर्वेनगरच्या वाचनगटात या वेळी रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) ही कादंबरी होती. चर्चेत सगळ्यांचा रोख पुस्तकं पेटवत फिरणाऱ्या अग्निशामक दलावर, म्हणजे सरकारवर. मला ते अपुरं वाटतं. दलाचा कप्तान बीटी स्वतः सांगतो की सुरुवात सरकारी फतव्याने झालीच नाही. लोकांनाच सगळं झटपट हवं होतं, कोणालाही बोचेल असं काही नको होतं. पुस्तकं आधी पचपचीत झाली, मग खपेनाशी झाली. आगपेटी सगळ्यात शेवटी आली.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. ५ जानेवारी २००४ रोजी जुन्या पोथ्या जपणाऱ्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तो कुठल्या आदेशाने नव्हे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात संस्थेचे आभार मानलेले होते, एवढं निमित्त पुरलं. प्रकाशकाने तर ते पुस्तक नोव्हेंबर २००३ मध्येच मागे घेतलं होतं. राज्य सरकारची बंदी हल्ल्यानंतर आली. जमाव पुढे, सरकार मागे.

पेठेतला वाचक
साफ असहमत. बीटी पगार कोणाचा घेतो? जाळणाऱ्याने स्वतःच्या धंद्याचा सांगितलेला इतिहास आपण जसाच्या तसा का मानायचा? ऑर्वेलच्या '१९८४'मधला विन्स्टन सत्य मंत्रालयात नोकरी करतो. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर आजच्या सोयीने बदलतो आणि मूळ कागद भट्टीत जातो. हे कुठल्या वाचकाने मागितलं होतं? जून १९७५ मध्ये आपल्याकडे वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप लादली गेली, ती लोकांच्या आग्रहावरून का?

२००४ ची बंदीही सरकारला टाळता आली असती. २०१० साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाहीच. तोडफोडीनंतर लगेच बंदी घालणारं सरकार पुढच्या जमावाला रस्ता दाखवून देतं. याला 'सरकार मागे' म्हणायचं?

धागाकर्ती
बीटी सोडा. नोकरी गमावलेला म्हातारा प्राध्यापक फेबरही तेच म्हणतो, की अग्निशामकांची गरज क्वचितच पडते, लोकांनी वाचन आपणहून सोडलं. तो कोणाचा पगारी?

आडवा प्रश्न
आणि महाड? २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. पुस्तक जाळणारा प्रत्येक जण हुकूमशहा, असं धरून तुम्ही दोघंही बोलताय.

पेठेतला वाचक
मी तसं धरत नाही. महाडला कोणाच्या घरातली प्रत हिसकावली नाही, छापखान्याला कुलूप लावलं नाही. ज्यांना शतकानुशतकं ग्रंथांना हात लावू दिला नाही, त्यांनी तो नकार उघड्यावर जाळला. मनुस्मृती आजही अप्पा बळवंत चौकात विकत मिळते. नियंत्रणासाठी जाळणाऱ्याला शेवटची प्रतसुद्धा सहन होत नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

वारीतली
तुमच्या त्या 'फॅरनहाइट ४५१'च्या शेवटी पुस्तकं पाठ करून जगणारी माणसं येतात. ते वाचताना मला देहूच आठवलं. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली, तरी अभंग लोकांच्या तोंडी राहिले. बंदीला माणूस पुरून उरतो यावर माझा विश्वास आहे.

हस्तलिखितप्रेमी
अभंगाचं खरं आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. अभंग म्हणण्यासाठीच रचलेला असतो. भांडारकरमधल्या पोथ्या कोणाला पाठ होत्या? महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे १९६६ साली पूर्ण झाली, ती ठिकठिकाणची हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवून, एकेक पाठभेद ताडून. काही पोथ्यांची दुसरी प्रतच नसते. ती फाटली की तिच्यातला पाठ, समासातली एखाद्या अनाम वाचकाची टीप, सगळं कायमचं जातं. म्हणून 'आगपेटी शेवटी येते' हेही मला मान्य नाही. हल्ला करणाऱ्यांनी पुणेकरांचं वाचन सुटेपर्यंत वाट पाहिली नव्हती. कपाटं भरलेली होती, अभ्यासक तिथे रोज येत होते, तरीही ते आत घुसले.