मदत हवी आहे: सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावूनही सकाळचं बीपी चढलेलंच

बाबा ६२ वर्षांचे. स्लीप स्टडीत तासाला ४२ वेळा श्वास अडकतो असं आलं. ३० च्या पुढे तीव्र धरतात. ऑक्सिजन उतरला की रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हे डॉक्टरांनी समजावलंय. तीन गोळ्या चालू, त्यांत एक लघवीची. किडनी, थायरॉइड नॉर्मल. मीठ कमी केलंय, दारू-तंबाखू नाहीच.

दिवसा १३५/८५ असतं, उठल्या उठल्या मात्र १६०/१००. सीपॅप रोज लावतात, पण पहाटे चारच्या सुमारास मास्क काढून ठेवतात. नाक कोरडं पडतं म्हणे! गोळ्या आम्ही मनाने बदलणार नाही, डॉक्टरांची भेट महिनाअखेरीस आहे.

पहाटेची झोप मास्कशिवाय जाते म्हणूनच सकाळचं बीपी चढत असेल का? आणि ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारा भाग) जोडून कोणाच्या घरी मास्क रात्रभर टिकला का?