ट्रान्स-सायबेरियन प्रवासात सहप्रवाशांशी ओळख कशी व्हावी?

प्रश्न: मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा ९,२८९ किलोमीटरचा प्रवास एकट्याने करण्याचा विचार आहे. रशियन येत नसताना सहप्रवाशांशी ओळख व्हावी, यासाठी कोणता डबा निवडावा?

प्रतिसाद १: चार बर्थच्या बंद कुपेपेक्षा ५४ बर्थचा खुला ‘प्लात्सकार्त’ डबा घ्यावा, कारण दिवसा वरच्या बर्थचे प्रवासीही खाली येऊन बसतात आणि डब्यातील गरम पाण्याच्या बंबापाशी कोणी ना कोणी भेटतेच. घरच्यांची छायाचित्रे सोबत असावीत. शब्द संपले की तीच उपयोगी पडतात.

प्रतिसाद २: सहमत आहे, मात्र शेवटपर्यंत एकच सोबती लाभेल असे समजू नये, कारण बरेच जण मधल्याच स्थानकांवर चढतात आणि उतरतात.

प्रतिसाद ३: शिवाय दोन्ही टोकांच्या वेळेत सात तासांचा फरक असल्याने नव्याने चढलेल्या शेजाऱ्याची झोपेची वेळ आपल्याशी जुळेलच असे नाही.