अनुभव धागा: मूल मराठी वाचायला लागतं ते नेमकं कशानं?

बालवाडी ते दुसरीच्या मुलांबरोबर वाचनाचं काम करणाऱ्यांसाठी हा धागा. काय करता, किती वेळ करता आणि कुठे अडतं, ते लिहा. कौतुकाच्या गोष्टींपेक्षा दुसऱ्याला उद्या वापरता येईल असं सांगा.

पहिलीच्या वर्गशिक्षिका, सातारा जिल्हा

अ ते ज्ञ या क्रमानं वाचन शिकवू नये. तो क्रम उच्चारस्थानांवर बेतलेला आहे. शास्त्र म्हणून सुंदर आहे, पण क, ख, ग, घ, ङ एवढं शिकून मुलाला वाचता येतं काय? जवळजवळ काहीच नाही. शिवाय णनं किंवा ळनं मराठी शब्द सुरूच होत नाही, म्हणून तक्त्यावर 'ण बाणाचा' येतो आणि मूल चित्र बघून ब म्हणतं. त्यात मुलाची काय चूक?

त्याऐवजी अक्षरगट घ्या. पहिला गट म, क, र, न, ब, स आणि काना. एवढ्यावर मामा, काका, बाबा, नाक, कान, मान, मासा, मका, रस, बस, काम हे सगळे शब्द होतात आणि 'बाबा बसा', 'काका काम करा' अशी वाक्यंही. दुसऱ्या गटात घ, त, प, ण, ळ आणि दुसरी वेलांटी. मग 'बाळ पाणी पी', 'काळी माती', 'घर', 'नळ'. एका गटाला दोन ते तीन आठवडे द्या. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांच्या कामातून गटांनी शिकवण्याची ही रीत रुजली.

दुसरी वेलांटी पहिलीच्या आधी घेण्याला कारण आहे. मराठी शब्दांच्या शेवटी इकार-उकार बहुधा दीर्घच येतो (पाणी, गाडी, लाडू), त्यामुळे शब्द भरपूर मिळतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर बोलली जाते, म्हणून 'कि'चं मूल 'इक' करतं. ती सगळ्यात शेवटी घ्या.

गट पुरा झाला का ते बाराखडी म्हणून घेऊन कळत नाही. कार्डं पिसा, मधलंच एखादं उचला. सुरात म्हणणारं मूल तिथे थांबलं, तर त्याला चाल पाठ आहे, अक्षर नाही.

बालवाडी ताई, पुणे

त्याच्याही आधी कान तयार करावा लागतो. रोज 10 मिनिटं पुरतात, पाटी-पेन्सिल लागत नाही. शब्द बोलायचा आणि तुकड्याला एक टाळी. इथे बहुतेकजण एक चूक करतात. 'पावसाळा' लिहिताना चार अक्षरं, पण बोलताना पाव्-सा-ळा, म्हणजे तीन टाळ्या. 'घर'ला एकच. आपण चार टाळ्यांचा आग्रह धरतो आणि मूल गोंधळतं. म्हणून सुरुवातीला प्रत्येक अक्षर पुरतं उच्चारलं जातं असेच शब्द घ्या: गाडी, पाणी, बटाटा, टोमॅटो.

मग पहिला आवाज ओळखणं, मग शेवटचा. भेंड्या हा त्यासाठी घरातलाच खेळ आहे. चार वर्षांच्या मुलाला गाण्याऐवजी नुसत्या शब्दांच्या भेंड्या जमतात.

वाचन अडणाऱ्या मुलांबरोबर काम करणाऱ्या विशेष शिक्षिका, नाशिक

वरच्या दोन्हींशी सहमत. मी फक्त चुकांबद्दल लिहिते, कारण चूक नीट पाहिली की उपाय त्यातच दिसतो.

मूल ब… द… क असं बरोबर वाचतं आणि मग 'दक' म्हणतं. अक्षरं येतात, पण तिसऱ्यावर पोहोचेपर्यंत पहिलं निसटतं. शब्दावर कोरं कार्ड ठेवून एकेक अक्षर उघडा: ब, बद, बदक. प्रत्येक वेळी मागचं धरूनच पुढे जायचं. सुटी अक्षरं म्हणून घेण्याची सवय मोडायला महिनाभर लागतो, म्हणून ती लावूच नका.

भ-म, घ-ध, थ-य, प-ष या जोड्या एका आठवड्यात कधीही आणू नका. घ पक्का झाल्यावर किमान तीन आठवड्यांनी ध. दोन्ही आधीच गोंधळले असतील तर एकच घ्या, वाळूच्या ताटात बोटानं गिरवा, चिंचोक्यांनी मांडा, आणि दुसरं काही दिवस समोरून काढून टाका.

चाक आणि चिमणी, जाळं आणि जीभ, झाड आणि झेंडा: अक्षर एक, उच्चार दोन. मुलाला 'चूक' म्हणू नका. 'याचे दोन आवाज आहेत, दोन्ही लावून बघ, कुठला शब्द आपल्याला ठाऊक आहे?' असं विचारा. अनुस्वाराचंही तेच. आंब्यात तो म् आहे, चेंडूत ण्. नियम सांगून उपयोग नाही, ओळखीच्या शब्दातून तो आपोआप लागतो.

जोडाक्षरांत र सगळ्यात जास्त दमवतो: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. चारही रूपं एका दिवशी फळ्यावर मांडणं म्हणजे मुलावर अन्यायच. आधी पक्का, अण्णा, गल्लीसारखी द्वित्तं, मग पुस्तक, चष्मा, आणि र त्यानंतर, एका रूपाला एक आठवडा.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, नंदुरबार

पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातला शब्द वाचता येतो, पण तो शब्द कशाचा हे माहीत नसतं. मग वाचन नुसता आवाज होऊन बसतं. चित्र दाखवा, मूल त्याच्या बोलीत जे म्हणेल ते वाक्य देवनागरीत जसंच्या तसं मोठ्या कागदावर लिहा आणि बोट फिरवत त्याच्याकडूनच वाचून घ्या. दिवसाला दोनच वाक्यं. प्रमाण मराठीचं वाक्य त्याखाली दुसऱ्या रंगात. वाक्य लिहिताना सुधारू नका. सुधारलं की मुलाला आपलं बोलणं कागदावर ओळखता येत नाही, आणि सगळी किमया त्या ओळखीतच आहे.

मराठी शाळेतील स्वयंसेवक, न्यू जर्सी

इकडच्या मुलांसाठी एकच कळकळीची सूचना. देवनागरीखाली रोमन अक्षरांत उच्चार लिहून देऊ नका. डोळे ओळखीच्या लिपीकडेच जातात आणि वर्ष संपलं तरी 'घर' दिसत नाही. रोमनमध्ये त-ट, द-ड, ल-ळ एकच होतात, ते नुकसान वेगळं. आठवड्याला एक तास मिळतो. त्यात 15 मिनिटं फक्त ऐकणं-बोलणं, मग पाच नवे शब्द, आणि घरी रोज पाच मिनिटं तेच शब्द.

शाळेच्या ग्रंथालयाचं काम पाहणाऱ्या, ठाणे

पुस्तक निवडताना एका पानावर एक-दोन वाक्यं, शब्दांमध्ये मोकळी जागा आणि ओळ शब्द तोडून खाली न गेलेली, एवढं बघा. ल आणि श यांचं वळणही तपासा. शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयानं या दोन्हींची मराठी वळणं ठरवून दिली आहेत, पण मोबाइलवर आणि संगणकावर छापलेल्या कार्डांत बऱ्याचदा हिंदी वळण येतं. नवशिक्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. फाँट बदलता येत नसेल, तर ती कार्डं हातानं लिहा.

आणि मोठ्यांनी वाचून दाखवणं मूल स्वतः वाचू लागल्यावरही चालू ठेवा. स्वतः वाचायला सोपं पुस्तक, ऐकायला त्याच्यापेक्षा बरंच अवघड. एकच पुस्तक पंधरा वेळा मागितलं तर पंधरा वेळा वाचा. आठव्या-नवव्या वेळी शेवटचा शब्द गाळून थांबा, तो मूल भरतं. त्या क्षणी बोट त्या शब्दाखाली असू द्या.