घोड्याला 'एड्स' देणे: मराठीत काय म्हणाल?

गोमाशी: एका रायडिंग स्कूलचं माहितीपत्रक मराठीत करतेय. स्वार पोटरी, बैठक, लगाम यांतून घोड्याला जे हलकेच सांगतो त्याला इंग्रजीत एड्स म्हणतात. ते तसंच छापलं तर पालक पोरांची नावं काढून घेतील :) 'इशारे' लिहिलं तर मालक म्हणतात धमकी वाटते. सुचवा.

खोगीरभरती: इशारत! म्हणच आहे, तट्टाला टुमणी, तेजीला इशारत; म्हणजे तट्टाला टोचावं लागतं, उमद्या घोड्याला खूण पुरते. आयता शब्द पडलाय.

तळटीप: इशारत अरबी, फारसीमार्गे आलेला. 'संकेत' घ्या की.

खोगीरभरती: मग लगाम, जीन, रिकीबही परत करा आणि उघड्या पाठीवर बसा.

लालमाती: मी माथेरानचा. आमच्याकडे 'टाच लाव' म्हणतात. टाच मारणं वेगळं, ते टुरिस्ट करतात. अहो घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवतो तो, त्याला लाथा कशाला? पोटरी नुसती टेकवायची, त्यानं पाऊल उचललं की लगेच सैल सोडायची, त्या सैल सोडण्यातूनच त्याला कळतं की बरोबर केलं. दाबतच राहिलात तर बधिर होतो, मग टुमणीशिवाय हलत नाही.

गोमाशी: मस्त, हे पत्रकात घालते. पण 'टाच लावणे'मध्ये लगाम नि बैठक कुठे बसवू?

विसोबा: टाच म्हटलं की मला जप्तीच आठवते. बाकी चुचकारणं कसं विसरलात? आमच्या आजोबांचा टांगा नुसतं चुचकारलं की निघायचा.

लालमाती: चुचकारतात ते शांत करायला. निघायला जिभेनं टक् टक्.

विसोबा: मिरजेत निघायलाच चुचकारायचे, मी टांग्यात बसलेला माणूस आहे.

तळटीप: ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, स्पर्धेत तोंडानं आवाज काढला की गुण कापतात, तेव्हा दोन्ही नको. आणि म्हणीतला तेजी मला तरी फारसी 'ताजी'च वाटतो, ताजी म्हणजे अरबी घोडा.

खोगीरभरती: तेज असलेला तो तेजी. सरळ संस्कृत आहे, उगाच अरबस्तानात कशाला जाता?

गोमाशी: मंडळी, पत्रक शुक्रवारी छापायला जातंय!!

विसोबा: दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन विचारा, चुचकारणं निघायलाच असतं की नाही ते.

तळटीप: तिथे 'तेजी'बद्दलही विचारा.