न्यूट्रॉनच्या वस्तुमानाचे गणित : मदत हवी आहे
बेरिलियममधून निघणारे भेदक प्रारण पॅराफिन मेणातून प्रोटॉन उडवते, हे जोलिओ-क्युरी दांपत्याने जानेवारी १९३२मध्ये दाखवले. मात्र ते गॅमा किरण असावेत, हा त्यांचा तर्क केंब्रिजच्या जेम्स चॅडविक यांना पटला नाही, कारण तसे असते तर त्या किरणांची ऊर्जा सुमारे ५० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट असावी लागली असती. ते प्रारण म्हणजे न्यूट्रॉन, म्हणजे विद्युतभार नसलेले कण, असे धरून चॅडविक यांनी हायड्रोजन व नायट्रोजन यांच्या अणुकेंद्रकांच्या उसळण्याच्या वेगांची तुलना करून न्यूट्रॉनचे वस्तुमान काढले, आणि मला तरी या शोधातली हीच पायरी सर्वांत देखणी वाटते. संवेग व ऊर्जा यांच्या अक्षय्यतेवरून त्या वेगांचे गुणोत्तर कसे निघते, हे अकरावीच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर मांडून दाखवायचे आहे. त्यासाठी टक्कर समोरासमोरचीच का धरतात, हे कृपया जाणकारांनी सविस्तर सांगावे.