मदत हवी आहे: बेदाणा शेडमधल्या घुशींसाठी परवडणारी बुलपप एअर रायफल

नमस्कार मंडळी,

आम्ही तासगाव तालुक्यात वस्तीवर राहतो. घराच्या मागं परसात कोंबड्यांचं खुराडं, पलीकडं बेदाण्याचं शेड, मग द्राक्षबाग. घुशींनी पार जेरीस आणलंय. खुराड्याखालून बीळ काढून पिल्लं नेतात. शेडच्या पायाची माती उकरून एका कडेची फरशी खचवलीय. बागेत ठिबकच्या लॅटरल कुरतडतात, सकाळी मोटर चालू केली की कुठं ना कुठं कारंजं उडतंच.

विषाचा सल्ला बरेच जण देतील म्हणून आधीच सांगतो. झिंक फॉस्फाईडचं आमिष खाऊन जी घूस वाचते ती परत त्याला तोंड लावत नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवायला मन धजत नाही, कारण शेडच्या आढ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे. विष पोटात गेलेली घूस लगेच मरत नाही, दोन-चार दिवस मंद होऊन उघड्यावर फिरते आणि नेमकी तीच घुबडाच्या तावडीत सापडते. ही जोडी रात्रभर आमचंच काम करते, तिला काही झालेलं मला चालणार नाही. शिवाय खाण्याचा माल वाळतो तिथं विष नकोच. पिंजरे लावलेत, त्यात उंदीर सापडतात, मोठ्या घुशी येत नाहीत.

म्हणून एअर रायफल. आणि बुलपपच का, तर जागेमुळं. बेदाणे वाळवायच्या जाळीच्या रॅकांच्या मधली वाट जेमतेम अडीच फुटांची. पाव्हण्यांची साधी नळी मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक आणून बघितली. ती साडेतीन फुटांच्या वर लांब, वळताना नळी जाळीत अडकते, भरायला तर बाहेरच यावं लागतं. बुलपपमध्ये सगळी यंत्रणा ट्रिगरच्या मागं, दस्त्यात असते. त्यामुळं नळीची लांबी तेवढीच राहून बंदूक अडीच फुटांच्या आसपास बसते.

कायद्याचं वाचलंय ते असं: आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे 4.5 मिमी बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) आणि 20 ज्यूलच्या आत ताकद असेल तर परवाना लागत नाही, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन घेता येते. 5.5 मिमीला परवाना लागतो, म्हणून तो विषय बंद. बजेट हवा भरायचा पंप आणि दुर्बीण धरून पस्तीस हजार. नेम धरायचं अंतर आठ ते वीस मीटर.

विचारायचं असं की एवढ्या ताकदीत मोठी घूस एका छऱ्यात, तडफडू न देता मरेल का? हवा भरण्यासाठी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालेल का? आणि माझा भाऊ डावखुरा आहे, शेडवर रात्री बहुतेक तोच असतो. त्याला बुलपप जमेल का?

प्रतिसाद (मिरजेहून)

दादा, ताकदीची काळजी सोडा. 8.4 ग्रेनचा (साधारण अर्ध्या ग्रॅमचा) छर्रा सेकंदाला 800 फुटांनी सुटला तर साधारण 12 फूट-पौंड, म्हणजे 16 ज्यूल होतात. इंग्लंडात परवान्याविना 12 फूट-पौंडांचीच मर्यादा आहे आणि तिकडं गोठ्यातले उंदीर लोक तेवढ्यावरच मारतात. छर्रा गोल डोक्याचा घ्या आणि डोक्यावरच मारा. पोटात बसला तर घूस बिळात जाऊन मरते, मग वासानं शेडमध्ये उभं राहवत नाही, आणि त्या जिवाचे हाल होतात ते वेगळेच.

खरी अडचण दुर्बिणीची आहे. बुलपपवर दुर्बीण नळीच्या बरीच वर बसते. वीस मीटरला नेम बसवलात तर आठ मीटरवर छर्रा इंचभर खाली लागतो. घुशीच्या बाबतीत एक इंच म्हणजे डोक्याऐवजी जबडा. कागदावर आठ, बारा, वीस मीटरला मारून बघा आणि फरक दस्त्यावर चिकटवून ठेवा. दुर्बीण आठ-दहा मीटर इतक्या जवळही फोकस होणारीच घ्या. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी बऱ्याचदा शंभर यार्डाला बसवलेल्या असतात, जवळचं सगळं धुरकट दिसतं.

टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बार दाबाचा. पीसीपीला, म्हणजे आधीच दाबानं हवा भरून ठेवायच्या असल्या बंदुकीला, 200 बार आणि काहींना त्याहून जास्त लागतात. त्यासाठी वेगळा हातपंप येतो, शेवटचे पन्नास बार अंगावर येतात. एक गोष्ट हात जोडून सांगतो, वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही भरू नका. आत तेलाचा अंश असला तर सिलिंडर फुटतो. त्यात फक्त कोरडी हवाच भरायची.

डावखुऱ्या भावासाठी मात्र दोनदा विचार करा. बुलपपचं मॅगझिन (छर्ऱ्यांची डबी) आणि खटका, म्हणजे दर छऱ्याआधी मागं ओढायचा दांडा, गालापाशी येतो, आणि बऱ्याच मॉडेलांत खटका उजव्या बाजूलाच असतो. ट्रिगरपासून मागं यंत्रणेपर्यंत लांब दांडी असल्यानं स्वस्त बुलपपचा ट्रिगरही जड, रबरासारखा लागतो. हॅटसनची फ्लॅशपप, क्रालची पंचर ब्रेकर ही तुर्कस्तानची नावं स्वस्तात मोडतात, पण पूर्ण ताकदीचं मॉडेल 20 ज्यूलच्या वर जातं. बिलावर बोअर आणि ज्यूल दोन्ही लिहून घ्या. दुकानदार लिहायला का-कू करत असेल तर घेऊ नका.

प्रतिसाद (कवठेमहांकाळहून)

घेताय तर बुलबुल आणि साळुंक्यांचाही बंदोबस्त होईल की. आमच्याकडं घड टोचून टोचून वाया घालवलेत.

प्रतिसाद (मिरजेहून)

भाऊ, तसं अजिबात करू नका. बुलबुल, साळुंकी, पोपट, मोर, सगळे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली येतात. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून पक्षी मारायला मोकळीक मिळत नाही. त्यांच्यासाठी जाळीच. उंदीर-कावळ्यांची जी उपद्रवी प्राण्यांची यादी पूर्वी कायद्यात होती तीही 2022 च्या दुरुस्तीत काढली, 1 एप्रिल 2023 पासून ही दुरुस्ती लागू आहे. म्हणून घुशींसाठीही वनपरिक्षेत्र कार्यालयात एकदा विचारून घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. वनपरिक्षेत्र कार्यालयात सोमवारी जाऊन विचारतो, त्याआधी खरेदी नाही.

तुमचं वाचून एक गोष्ट पक्की केली. छर्रे शिशाचे असतात, फुटून कण उडतात. तेव्हा रॅकवर माल असेपर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, शेडच्या आत एकही छर्रा सुटणार नाही. त्या काळात खुराड्याच्या बाजूनं, तेही मातीच्या बांधाकडं तोंड करूनच. पत्र्याकडं नेम धरला तर छर्रा उलटा येतो, आणि पलीकडं चुलत्यांचं घर आहे. मेलेली घूस हातमोजे घालूनच उचलायची हेही घरात सांगून ठेवलंय, लेप्टोची (उंदीर-घुशींपासून होणाऱ्या तापाची) भीती आहे.

आता अडलंय ते भावावर. खटका दोन्ही बाजूंना बदलता येतो किंवा डाव्या हातानं सहज ओढता येतो असं बजेटमधलं मॉडेल कुणी वापरलंय का? सांगली, मिरज, इस्लामपूर भागात कुणाकडं असेल तर त्याला एकदा खांद्याला लावून बघू द्या. आम्ही येऊ, वेळ तुम्ही सांगा.